दहा ऑक्टोबर

आज सकाळी आत्यांनी घरच्या ग्रुपवर गुरुदत्तांचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, ‘इतक्या हळव्या माणसाला हे जग मानवले नाही.’ दुपारपर्यंत सगळ्यांचे हात जोडून झाले. वहिनींचे तेवढे नाहीत. ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

१९६४ साली आजच्याच तारखेला, वयाच्या ३९ व्या वर्षी, गुरुदत्त मुंबईत आपल्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. दारू आणि झोपेच्या गोळ्या. ते जाणूनबुजून घडले की चुकून, याची चर्चा अजूनही होते, आणि आदराने होते. दादाच्या बाबतीत असली चर्चा करण्याची गरज कोणाला वाटली नाही. तेराव्याच्या पंगतीतच निकाल लागला होता: ‘स्वतःच्या कर्माने गेला.’ वाक्य आत्यांचेच आहे, एवढे इथे लिहून ठेवतो.

हळवेपणा केवळ कलावंताच्याच खाती का जमा व्हावा? टॉवेलचा कारखाना बंद पडला तेव्हा थकलेला पगार मागायला म्हणून दादा मालकाच्या घरी गेला आणि मालकाच्याच घरातली आजारपणे ऐकून, वर त्यांनाच धीर देऊन, रिकाम्या हाताने परत आला. त्या रात्रीही तो प्यायला होता, हेही खरे. त्याच्या पिण्यापायी घरात काय काय झाले ते वहिनींना ठाऊक आहे, आणि ते लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे.

आजच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच वारला. संध्याकाळी भैय्या चौकातून येताना मनात आले की आत्यांना आपल्या गावच्या या माणसाचे छायाचित्र का सुचू नये? पण चार पावले पुढे गेल्यावर या रागाचेही नवल वाटले. कोटणीसांचा कैवार घेण्याचे मला काय कारण? त्यांच्या आडून मी दादासाठीच भांडत होतो. शिवाय टपाल खात्याने दोघांचीही तिकिटे काढलेली आहेत, कोटणीसांचे १९९३ मध्ये आणि गुरुदत्तांचे २००४ मध्ये. तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची?

पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याआधी दादाने एकदा स्वतःच्या हट्टाने दारू एकाएकी बंद केली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्याला आकडी आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक सोडली की मेंदू बिथरतो, हात कापतात, झटके येतात, जिवावरही बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते, हे आम्हाला नंतर कळले. शेजारच्यांनी तेव्हा त्याला नाटक म्हटले होते. म्हणजे गुरुदत्तांची दारू आणि कोटणीसांचे झटके, दोन्ही दादाच्या वाट्याला आले. तिकीट तेवढे राहून गेले. हे लिहिताना मला चक्क हसू आले. दादाही हसला असता. थुंकी लावून मला चिकटवायला निम्मे सोलापूर रांगेत उभे राहील, असे म्हणाला असता.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची चौकट द्यावी असे वहिनी म्हणतात. तसल्या चौकटीत दारूने गेलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तिथे सगळेच मनमिळाऊ, कष्टाळू आणि हृदयविकाराने गेलेले असतात. मजकूर मला लिहायचा आहे. ‘मनमिळाऊ’ चालेल, तो होताच, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. ‘हृदयविकार’ मात्र नको, असे वहिनींना सांगून पाहीन. त्या काय म्हणतील कोण जाणे. छायाचित्र लग्नातलेच द्यायचे, एवढे त्यांनी आधीच ठरवून टाकले आहे.