हळदीचा पॅच आणि फसवा झोन

आमच्या आजोबांचं एकच पालुपद, तालमीच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल सगळं पडलेलं असतंय, म्हणून पैलवानाच्या कातडीला काय होत नाही. होत नाही कसलं! केसतोडं होतातच की, कुस्तीत अंगाला अंग घासलं की स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू याच्या पाठीवरनं त्याच्या पाठीवर. पण एम.फार्मला विषय शोधताना डोक्यात तेच बसलं आणि कातडीवर चिकटवायचा हळद-कडुलिंबाचा पॅच घेतला.

कृती ऐकायला लई सोपी. हळद सांगलीची (२०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला, कोल्हापूरची असून मान्य करतेय), कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून दोन्हीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, एचपीएमसी ह्या फिल्म बनवणाऱ्या पदार्थाच्या चिकट द्रावणात मिसळायचा, फिल्म तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, मग पेट्री डिशमध्ये ओतून वाळवायचं. जुलैत! कोल्हापुरात! इथं चार चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि ह्या बाईला फिल्म वाळवायचीय.

तरी एक बॅच निघाली, जंतू पसरलेल्या अगार प्लेटवर ठेवली, ३७ डिग्रीला २४ तास, सकाळी बघतोय तर भोवतीनं मस्त स्वच्छ गोल, म्हणजे झोन, तिथं जंतू वाढलेलेच नाहीत. आम्ही लॅबमध्येच नाचलो. मग मॅडमनी शांतपणे विचारलं, ब्लँक लावलावता का? नव्हता. अर्क न घातलेला, नुसतं अल्कोहोल घालून केलेला पॅच लावला तर त्यालाबी झोन आला. म्हणजे जंतू मारत होतं ते नीट न उडालेलं अल्कोहोल, हळद नव्हेच.

नीट वाळवून परत केलं तर झोन एवढासाच. पण तेवढ्यावरनं हळदीला नापासबी करता येत नाही, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मग ते पाणीदार अगारमध्ये पसरणार कसं? पॅचमधनं बाहेर किती येतंय ते आता फ्रान्झ सेलवर, म्हणजे पडद्यातनं औषध किती पार होतंय ते मोजायच्या उपकरणावर, बघायचंय. एक बरंय, केसतोडाचा जंतू कातडीतच, केसाच्या मुळाशी असतो, औषध पार रक्तात पोचवायचं नाहीय.

सुट्टीला आजोबांना फिल्म दाखवली. त्यांनी बोटानं चोळून बघितली, बोट पिवळं झालं, मग म्हणाले, "घामानं विरघळंल की गं ही."

एचपीएमसी पाण्यात विरघळतंय हे मी परीक्षेत कितीदा लिहिलंय, पण घाम काय डोक्यात आला नव्हता. आता पाठीमागनं पाण्यात न विरघळणाऱ्या इथाइल सेल्युलोजचा थर देऊन बघतेय, वाळला तर.