भरती-ओहोटीची लायब्ररी : उन्हाळी प्रकल्पांची आखणी कुठवर आली

विद्यार्थ्यांना द्यायच्या यंदाच्या उन्हाळी प्रकल्पांची यादी छाटून छाटून दोनवर आणली आहे. भरती-ओहोटीचा अंदाज काढणारी आमची छोटी पायथन लायब्ररी रत्नागिरी, देवगड आणि मालवणातली आम्ही काही हौशी मंडळी सांभाळतो. तिच्यात काय काय करायचं राहिलंय ते लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. पण लायब्ररीची गरज बघून प्रकल्प ठरवला की मूल मध्येच अडकतं. म्हणून यंदा दोनच गोष्टी बघितल्या : त्याच्या हातात खरोखर किती वेळ आहे, आणि आपलं उत्तर बरोबर आलं की नाही हे त्याचं त्याला ताडून बघता येईल का.

साचा गूगल समर ऑफ कोडचाच, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये नवख्यांना मेंटॉरच्या (मार्गदर्शकाच्या) हाताखाली काम देणाऱ्या उपक्रमाचा. तो उपक्रम 2005 पासून चालू आहे, 2022 पासून विद्यार्थी असण्याची अटही काढून टाकली. तिथे 350 तासांचे मोठे, 175 तासांचे मध्यम आणि 2024 पासून 90 तासांचे लहान असे प्रकल्प असतात, आणि नेहमीची मुदत बारा आठवड्यांची. ही मापं चांगली आहेत, आम्ही तीच घेतली. वेळापत्रक मात्र जसंच्या तसं चालत नाही. तिकडे मेअखेर कोडिंग सुरू होतं, आणि इकडे दोन-तीन आठवड्यांत पाऊस, कॉलेज आणि विजेचा लपंडाव एकदमच चालू होतात. शिवाय गणपतीत कोकणातलं मूल लॅपटॉपला हात लावणार नाही, आणि लावूही नये. म्हणून मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पंधरा आठवडे धरले. 175 तासांचं काम आठवड्याला बारा तासांवर येतं, ते जमण्यासारखं आहे. मुलांनी कामाचा मोठा वाटा मेमध्येच उरकावा असा आमचा आग्रह राहील.

यादीतून गळलेल्यांपैकी एकाचं मला फार वाईट वाटतं. जेटीच्या खांबाला अल्ट्रासॉनिक सेन्सर बांधायचा, पाण्याची पातळी नोंदवायची आणि त्यावरून आपल्याच बंदराचे घटक काढायचे, म्हणजे ज्या ठरावीक लयीच्या लाटांची बेरीज होऊन भरती-ओहोटी बनते त्या सुट्या करायच्या. मुलं यावर तुटून पडली असती. पण 1 जूनपासून यांत्रिक बोटी बंद होतात ते उगाच नाही, त्या लाटांत सेन्सर टिकायचा नाही. आणि टिकला तरी गणित आडवं येतं. चंद्राचा मुख्य घटक एम-टू आणि सूर्याचा एस-टू वेगळे ओळखायला साधारण 15 दिवसांच्या नोंदी पुरतात. एम-टू आणि एन-टूला 27-28 दिवस लागतात (एन-टू आणि पुढची नावं अशाच इतर घटकांची). पण के-वन आणि पी-वन, तसेच एस-टू आणि के-टू, या जोड्या सुटायला 182 दिवसांहून अधिक नोंदी हव्यात. पंधरा आठवडे म्हणजे 105 दिवस, तेही मध्ये खंड न पडता. ते काम ऑक्टोबरात सुरू करून वर्षभर चालवायचं आहे.

पहिला प्रकल्प, 175 तासांचा, नोडल दुरुस्तीचा. चंद्राच्या कक्षेचा कल 18.6 वर्षांच्या चक्रात फिरतो, आणि त्यासोबत प्रत्येक घटकाची उंची कमी-जास्त होते. एम-टूमध्ये हा फरक सरासरीच्या वर-खाली पावणेचार टक्क्यांच्या आसपास, ओ-वन या चंद्राच्या दिवसातून एकदा येणाऱ्या घटकात मात्र 19 टक्क्यांच्या जवळपास. 2025 च्या सुमारास ओ-वन सर्वांत वर होता आणि एम-टू सर्वांत खाली. त्या वर्षाच्या नोंदींवरून दुरुस्ती न करता 2034 चा अंदाज काढला तर दोन्ही चुकतील, आणि उलट दिशांना चुकतील. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे ओ-वनकडे काणाडोळा करून भागत नाही. हे काम विद्यार्थ्याला देण्यासारखं आहे, कारण युटाइड ही खुली लायब्ररी हेच गणित करते. हवाई विद्यापीठाचं सी लेव्हल सेंटर तासागणिक नोंदी खुल्या ठेवतं. त्याच नोंदी दोन्ही लायब्रऱ्यांना द्यायच्या आणि आकडे समोरासमोर ठेवायचे. मेंटॉर झोपलेला असला तरी मुलाला आपण कुठे आहोत ते कळतं.

दुसरा 90 तासांचा, आणि तो आपल्या मातीतला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक असतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पण पौर्णिमेला हिशेब सव्वाअकराचा येतो आणि लगेच प्रतिपदेला पाऊणचा, म्हणजे दीड तासाची उडी. समुद्र तर दिवसाला सरासरी 50 मिनिटांच्या आसपासच पुढे सरकतो. पंधरा तिथ्यांत बारा तास भरायचे तर पाऊणऐवजी चार-पंचमांशाने गुणायला हवं. त्यातही उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत वेळ कमी सरकते, भांगाच्या (अष्टमीजवळच्या लहान भरतीच्या) दिवसांत जास्त. शिवाय प्रत्येक बंदराचा स्वतःचा उशीर वेगळा. प्रकल्प असा : तिथीवरून वेळ देणारं फंक्शन लिहायचं, लायब्ररीच्या अंदाजाशी ताडायचं, आणि कुठल्या तिथीला किती मिनिटांचा फरक पडतो त्याचा आलेख काढायचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते पडताळणीला वापरावेत, रिपॉझिटरीत (लायब्ररीच्या खुल्या कोडसाठ्यात) टाकू नयेत. परवान्याच्या बाबतीत आपण काटेकोर राहिलं पाहिजे.

निवडीसाठी सगळ्यांना एकच छोटं काम दिलं होतं : घटकाची ग्रीनिच वेळेतली कला (चक्रातली त्याची जागा, अंशांत) भारतीय वेळेत बदलणाऱ्या फंक्शनला टेस्ट लिहा. राजापूरच्या एका मुलीने कोडला हात लावण्याआधी इश्यूत (प्रश्न मांडायच्या पानावर) विचारलं, "दादा, साडेपाच तास प्रत्येक घटकाला वेगवेगळे अंश सरकवणार ना?" अगदी बरोबर. एम-टू तासाला 28.984 अंश चालतो, म्हणून त्याला 159.4. एस-टू तासाला बरोबर 30 अंश, म्हणून 165. तिची पुल रिक्वेस्ट (आपला कोड लायब्ररीत घ्या अशी विनंती) जेमतेम वीस ओळींची होती, दोन्ही आकडे हातानं काढून कॉमेंटमध्ये मांडलेले. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर नोडलचं काम मी निर्धास्त सोपवीन. तिथीच्या कामासाठी दोन अर्ज आहेत, दोन्ही आवडलेत, निर्णय व्हायचा आहे.

प्रत्येक प्रकल्पाला दोन मेंटॉर ठेवतोय, एक किनाऱ्यावरचा आणि एक पुण्या-मुंबईचा, म्हणजे इकडचं नेट गेलं तरी रिव्ह्यू अडत नाही. पहिल्या आठवड्यात काहीतरी लहान काम लायब्ररीत मर्ज (सामील) झालंच पाहिजे, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मध्यावधी तपासणी. तोवर नोडलमध्ये निदान एम-टू आणि ओ-वन युटाइडशी जुळलेले हवेत. नाही जुळले तर बाकीचे घटक बाजूला ठेवून उरलेला वेळ त्या दोघांनाच द्यायचा, हेही आधीच लिहून ठेवलंय. तिथीच्या प्रकल्पाला पुण्या-मुंबईकडचा मेंटॉर अजून मिळालेला नाही. पंचांगाचं गणित येणारं कुणी असेल तर एप्रिलअखेरपर्यंत कळवा.