पणजी, आजी आणि पाळणाघर

आज अहिल्यानगरला माझ्या मामेबहिणीच्या नव्या पाळणाघरात चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तेव्हा पणजी आणि आजी यांच्या तसबिरींखाली त्यांच्याच जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मुलांसाठी अंथरलेल्या होत्या. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना दौंडजवळच्या केडगावी कसा आश्रय दिला, ही हकीकत पणजी वारंवार सांगत असे. आजी तर शेतमजूर बायांची तान्ही मुले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने गुणगुणत दिवसभर सांभाळी. जात न विचारता केलेले हे काम दोघींच्या लेखी उपासनाच होती, आणि (खरे सांगायचे तर) रविवारच्या पुष्कळ उपदेशांपेक्षा मला तेच अधिक पटत आले आहे. बहिणीने शुल्क मात्र ठेवले आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या आयांना परवडेल इतकेच.