तेवढा एक शॉट परत घेऊ

विद्यार्थ्यांनी केलेली जाहिरात वर्गात दाखवली की ती ३० सेकंदांत संपते आणि शेरे तासभर चालतात. ‘चांगली आहे, पण मजा नाही आली.’ ‘लोगो मोठा करा.’ ‘म्युझिक बदला.’ यातलं काहीही लगेच करायला घेऊ नये. आधी प्रत्येकाला विचारावं, नेमकं कितव्या सेकंदाला असं वाटलं? मग गंमत होते. मजा न आलेले, लांबण लागली म्हणणारे आणि म्युझिकवर खापर फोडणारे, सगळे अकराव्या सेकंदापाशी येऊन थांबतात. तिथे नायिका जिना उतरत असते, आणि उतरतच राहते. तो जिना मिळवायला वॉचमनची बरीच मनधरणी झालेली असते, त्यामुळे त्याला कात्री लावायला कुणी धजावत नाही. बघणाऱ्याला मात्र वॉचमन माहीत नसतो.

समजा, जाहिरात कोकम सरबताची आहे. ‘कशाची जाहिरात ते उशिरा कळलं’ असा शेरा असेल तर लोगो फुगवून भागत नाही. ग्लास बाविसाव्या सेकंदावरून पाचव्यावर आणावा लागतो, आणि नेमका त्याचा क्लोजअप घेतलेलाच नसतो. मग कुणीतरी म्हणतं, तेवढा एक शॉट परत घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्धा तास तर नुसता ग्लासच खातो. बर्फ वितळला की सरबत पातळ होतं, आणि पहिल्या टेकचा गडद लाल रंग पाचव्या टेकपर्यंत फिका गुलाबी होतो. म्हणून अ‍ॅक्रिलिकचे खडे वापरायचे आणि सरबताची पातळी कळावी म्हणून ग्लासच्या मागच्या बाजूला बारीकशी चिकटपट्टी लावायची. बाहेरचा दव खरा नको, तो ओघळतो. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्प्रेने मारलं की थेंब जागच्या जागी बसतात. (हा ग्लास बाजूला ठेवावा, सेटवर तहानलेले पुष्कळ असतात.) कोकम कॅमेऱ्यात काळपट दिसतं. ग्लासच्या मागे, त्याच्याहून अरुंद असा पांढरा पुठ्ठा उजेडाकडे कलता ठेवला तर रंग आतून उजळतो.

बाकी सगळी जुळवाजुळव. जुन्या कटमधल्या आगेमागे येणाऱ्या फ्रेम्स फोनमध्ये ठेवून बाही, घड्याळ, केसांचा भांग ताडून बघायचा. खिडकीचा उजेड असेल तर वेळही तीच हवी. सकाळी नऊची सावली दुपारी तीनला दुसऱ्याच भिंतीवर असते. फोनचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करावं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, पहिल्या शूटचाच. तो २५ असेल तर शटर १/५० सेकंद, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. १/६० वर काही ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. अ‍ॅक्शनच्या आधी आणि नंतर दोन-दोन सेकंद कॅमेरा चालू ठेवावा, नाहीतर एडिटवर धरायला टोकच उरत नाही. निघण्याआधी सगळ्यांना गप्प करून नव्या-जुन्या शॉटच्या जोडाखाली घालायला ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, पंखा पहिल्या शूटला जसा होता तसाच ठेवून.

एडिटला बसल्यावर पहिलं काम म्हणजे जुन्या टाइमलाइनची कॉपी. २५ च्या हिशेबाने ३० सेकंदांच्या ७५० फ्रेम्स होतात. ग्लासला ५० द्यायच्या तर त्या कुठून तरी काढायला हव्यात, आणि त्या जिन्यातूनच निघतात. क्लोजअप मध्ये घुसला की पुढचं सगळं दोन सेकंद सरकतं, व्हॉइसओव्हर आणि म्युझिकचा ठेका आपापल्या वाटेने जातात. म्हणून कट झाल्यावर आवाज पुन्हा शेवटपर्यंत ऐकावाच लागतो. व्हॉइसओव्हरमधला एकच शब्द बदलून चिकटवला तर जोड कळतो. अख्खं वाक्य परत घ्यावं, त्याच फोनवर, तोंडापासून तेवढ्याच अंतरावर. बोलणं चालू असताना म्युझिक त्याच्या १२ ते १५ डेसिबल खाली ठेवलं की ‘म्युझिक बदला’ हा शेरा बहुधा आपोआप विरतो.

‘पित्त कायमचं गायब’ असल्या ओळीवर कुणी बोट ठेवलं असेल तर वाद घालू नये. १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या, संहितेनुसार दाव्याला पुरावा लागतो, आणि तो विद्यार्थ्यांकडे नसतो. ‘उन्हातून आल्यावर’ एवढं म्हटलं तरी कोकमाचं काम होतं. पडद्यावरची अक्षरंही तपासावीत. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तसं झालं तर ओळ दुसरीकडे टाइप करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणावी.

शेवटी फाइल फोनवर, आवाज बंद करून, पहिला कट न पाहिलेल्या माणसाला दाखवावी. कॅन्टीनवाला उत्तम. प्रश्न एकच, कशाची जाहिरात? ‘साडीची का?’ असं उत्तर आलं तर ग्लास आणखी पुढे घ्यावा लागेल, पण आता क्लिप हाताशी आहे.