मेलव्हिल: देवमासा सोडून बाकीचा

हर्मन मेलव्हिल म्हटलं की मोबी डिक, पांढरा देवमासा, एका पायाचा कॅप्टन, संपला विषय. त्यातही बऱ्याच जणांनी शाळेत असताना संक्षिप्त आवृत्ती वाचलेली असते नाहीतर सिनेमा बघितलेला असतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, मेलव्हिल कळायचा असेल तर त्याला जहाजावरनं खाली उतरवा आणि ऑफिसात बसवा. कारण हा माणूस समुद्रावर चार-पाच वर्षं होता आणि नोकरीत एकोणीस.

आता थोडं आधीचं. जन्म १८१९ चा, न्यूयॉर्कचा. वडिलांचा धंदा बुडाला, ते कर्ज ठेवून गेले तेव्हा हा बारा वर्षांचा, मग शाळा सुटली, बँकेत कारकुनी, शेवटी १८४१ ला देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. तिथलं काम सहन होईना म्हणून पुढच्या वर्षी एका सोबत्याबरोबर पॅसिफिक महासागरातल्या मार्केसास बेटांवर चक्क पळून गेला आणि तिथल्या लोकांत जेमतेम महिनाभर राहिला. पुस्तकात मात्र लिहिलं चार महिने! हे 'टायपी', १८४६ चं पहिलं पुस्तक, चांगलं चाललं आणि नरभक्षकांत राहून आलेला माणूस म्हणून पठ्ठ्या एकदम फेमस झाला. त्याला स्वतःला ही ओळख जाम खुपायची. मोबी डिक लिहिताना आपल्या लेखक मित्राला, नथॅनिएल हॉथॉर्नला धाडलेल्या पत्रात हे रडगाणं आहे, आणि त्याच पत्रात असंही की जे लिहावंसं वाटतं त्याला पैसे मिळत नाहीत आणि दुसऱ्या पद्धतीनं मला लिहिता येत नाही, म्हणून माझी सगळी पुस्तकं बिघडलेली. बत्तिशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा.

मोबी डिक आली १८५१ ला. (आपलं कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालेलं, हे लक्षात आलं तेव्हा मला उगीचच भारी वाटलं.) लंडनच्या आवृत्तीत निवेदक वाचला हे सांगणारं शेवटचं छोटं प्रकरण छापायचंच राहिलं, त्यामुळं तिकडचे समीक्षक विचारायला लागले की सगळे बुडून मेले तर ही गोष्ट सांगतोय कोण? पुढच्या वर्षी 'पिएर' आली आणि एका पेपरनं सरळ हेडिंगच दिलं, हर्मन मेलव्हिल वेडा झालाय.

इथनं पुढचा मेलव्हिल मला जास्त आवडतो. कादंबऱ्या चालेनात म्हणून मासिकात गोष्टी लिहायला लागला, पानाला पाच डॉलर. त्यातली १८५३ ची 'बार्टलबी' म्हणजे वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिलाच्या ऑफिसातली गोष्ट, कागदांच्या नकला उतरवणाऱ्या कारकुनांची. एक टर्की नावाचा म्हातारा, दुपारी बारापर्यंत एकदम सरळ, जेवून आला की तोंड लालबुंद आणि कागदावर शाईचे डाग. दुसरा निपर्स, त्याचं उलटं, सकाळी अपचनानं चिडचिड आणि दुपारनंतर शांत. त्याला टेबलाची उंची कधीच पटत नाही, पायाखाली लाकडाचे तुकडे घाल, टीपकागदाच्या घड्या घाल, तरी पाठ दुखतेच. टर्कीनं एकदा घाईत गहाणखतावर लाखेच्या ऐवजी आल्याचं बिस्किट चिकटवलंय! आमचा एक दोस्त सरकारी ऑफिसात आहे, त्याला दसरा चौकात चहा पिता पिता हे सांगितलं तर म्हणाला, "भावा, ही तर आमची आस्थापना शाखा." आणि मग तिथं बार्टलबी येतो, आधी मुकाट ढीगभर काम करतो, आणि एक दिवस साहेबानं कागद तपासायला बोलावलं तर शांतपणे सांगतो की मला ते न केलेलं बरं. भांडण नाही, कारण नाही. हळूहळू सगळंच बंद, पण ऑफिस सोडत नाही, तिथंच राहतो, शेवटी वैतागून वकीलच ऑफिस हलवतो. हसत हसत वाचत जातो आपण आणि कधी घसा दाटतो कळत नाही. ऑफिसं आणि कारकुनांच्या अशाच विचित्र गोष्टी लिहिणाऱ्या काफ्काच्या जन्माच्या तीस वर्षं आधीचं आहे हे, बोला आता.

पुढं १८६६ च्या डिसेंबरात लेखक स्वतःच चिकटला, न्यूयॉर्क बंदरावर कस्टम्समध्ये इन्स्पेक्टर. रोजचे चार डॉलर, आठवड्याला सहा दिवस. त्याच्या दाजींचं एक पत्र आहे, त्यात लिहिलंय की लोक याच्या खिशात नकळत पैसे सरकवायचे आणि हा गुपचूप ते परत करायचा. नोकरीला वर्ष व्हायच्या आत थोरल्या पोरानं घरातच स्वतःला गोळी घातली, अठरा वर्षांचा होता. काय म्हणायचं.

नोकरी सांभाळून त्यानं जे लिहिलं ते 'क्लॅरेल', १८७६, सुमारे अठरा हजार ओळींची कविता. जेरुसलेमला गेलेला एक विद्यार्थी आणि श्रद्धेवरचे अखंड वाद. छापायला पैसे मामांनी दिले, आणि तीन वर्षांनी उरलेल्या प्रतींचा लगदा करायला याचीच परवानगी घेतली गेली. मी हे तुकड्यातुकड्यानं वाचलंय, वाळवंटाची वर्णनं कमाल आहेत पण पात्रं बोलायला लागली की थांबत नाहीत, सलग वाचाच असं मी कुणाला म्हणणार नाही. रिटायर झाल्यावरची दोन कवितांची पुस्तकं तर त्यानं फक्त पंचवीस-पंचवीस प्रती छापून घेतली.

१८९१ ला गेला तेव्हा टेबलावर 'बिली बड' अर्धवट होती. १९१९ ला चरित्रकार रेमंड वीव्हरला ते हस्तलिखित नातीकडच्या कागदांत मिळालं, आणि १९२४ ला ते छापून आलं. लढाऊ जहाजावरचा एक निष्पाप पोरगा, त्याच्यावर खोटा आरोप, आणि त्याला फाशी द्यावीच लागेल असं ठरवणारा कॅप्टन. कॅप्टन बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात, मी त्याच्या विरोधातच आहे.

सुरुवात बार्टलबीनं करा, नेटवर फुकट आहे, एका बैठकीत होते. मग 'बेनितो सेरेनो' घ्या, गुलामांच्या जहाजावरची, पण प्रस्तावना नंतर वाचा, कारण बहुतेक प्रस्तावना लिहिणारे तिसऱ्याच वाक्यात सगळा घोळ फोडून टाकतात.