हार्वर्ड-यनचिंग ग्रंथालय : जाण्यापूर्वी कॅटलॉगशी झुंज द्यावी लागते

निघण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी मला सल्ला दिला, त्या सर्वांचे म्हणणे एकच होते: अमेरिकेतील केंब्रिजच्या हार्वर्ड-यनचिंग ग्रंथालयात एकदा पोहोचले की काम झाले, पूर्व आशियाई भाषांतील पंधरा लाखांहून अधिक खंड तिथे आहेत, कपाटांमधून हिंडावे आणि हवे ते पुस्तक काढून घ्यावे. यातील संख्येचा भाग खरा आहे. उरलेल्या भागावर विसंबून महाराष्ट्रातून कोणी इतका खर्च करून जाऊ नये, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. वाचकाला कोशाच्या मदतीने चिनी किंवा जपानी मजकूर वाचता येतो आणि थोडेफार पाली-संस्कृत येते, असे मी गृहीत धरले आहे. ही तयारी नसेल तर आधी ती करावी. तिथे बसून ती होत नाही.

माझे काम पु. वि. बापट यांच्या वाटेने जाणारे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या बापटांनी हार्वर्डमध्ये ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनामार्गावरील दोन ग्रंथांचा तौलनिक अभ्यास केला, आणि तो ग्रंथ 1937 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. ‘विमुत्तिमग्ग’ संपूर्ण स्वरूपात आज केवळ चिनी अनुवादात उपलब्ध आहे, आणि तो अनुवाद संघपाल या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी केला. पुढे 1970 मध्ये बापटांनी जपानी विद्वान आकिरा हिराकावा यांच्यासह ‘समंतपासादिका’ या भिक्षुनियमांवरील पाली भाष्याच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो भांडारकर संस्थेने छापला. या विषयात पुण्याहून निघणाऱ्या प्रत्येकाच्या टाचणवहीत बापटांच्या तळटीपांतील संदर्भ असतात, आणि अडचण नेमकी तिथूनच सुरू होते.

बापटांच्या पिढीचे चिनी संदर्भ वेड-जाइल्स या जुन्या रोमन लेखनपद्धतीत आहेत. अमेरिकेतील ग्रंथालयांनी 1 ऑक्टोबर 2000 पासून पिनयिन ही नवी रोमन पद्धत स्वीकारली आणि जुन्या नोंदीही तिच्यात बदलून घेतल्या. त्यामुळे तळटीपेतील नाव जसेच्या तसे हार्वर्डच्या ‘हॉलिस’ या कॅटलॉगमध्ये टाकले तर बहुधा काहीच हाती लागत नाही, आणि नवखा अभ्यासक ‘पुस्तक इथे नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. ‘विमुत्तिमग्गा’च्या चिनी अनुवादाच्या नावात, म्हणजे ‘जिएतुओ दाओ लुन’मध्ये, चार अक्षरे आहेत आणि त्यांतील पहिल्या तिन्हींचे स्पेलिंग दोन पद्धतींत वेगळे आहे. जुन्या पद्धतीत पहिले अक्षर सी-एच-आय-ई-एच असे लिहिले जाते, तर पिनयिनमध्ये ते जे-आय-ई असे होते. जुन्या पद्धतीत ‘टी’पुढे स्वल्पविरामासारखे चिन्ह असेल तर पिनयिनमध्ये ‘टी’ राहतो, चिन्ह नसेल तर ‘डी’ होतो. आणि आपल्याकडच्या छपाईत हे चिन्ह सर्रास गळलेले असते. ‘एचएस’च्या जागी ‘एक्स’ येतो. ही तुलनात्मक सारणी छापून, पाठ करून निघावे.

पिनयिन येते म्हणून निर्धास्त राहू नये. शोधनिबंधांत ‘जिएतुओ’ हा शब्द जोडून लिहिण्याची रीत आहे, परंतु ग्रंथालयीन नियमांनुसार व्यक्तिनामे व स्थलनामे वगळता प्रत्येक अक्षर सुटे लिहिले जाते, आणि जोडून शोधल्यास नोंद निसटू शकते. जपानी पुस्तकांसाठी हेपबर्न ही रोमन लेखनपद्धत आहे, आणि तिथे शब्द कुठे तोडायचा हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. कोरियन पुस्तकांसाठी मॅक्यून-राइशाउअर ही जुनी पद्धतच चालू आहे; दक्षिण कोरियाने 2000 साली स्वीकारलेले नवे लेखन तिथे उपयोगाचे नाही. मूळ लिपीत टंकून शोधणे अधिक खात्रीचे आहे, मात्र चिनीची पारंपरिक आणि सुलभ रूपे तसेच जपानची आजची रूपे अशी तिन्ही टाकून पाहावीत. ‘बुद्ध’ या अर्थाचे चिन्हच जपानमध्ये आज वेगळ्या रूपात लिहितात.

सर्वांत भरवशाचा आधार क्रमांकाचा आहे. जपानमध्ये 1924 ते 1934 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘ताइशो’ त्रिपिटकात, म्हणजे चिनी बौद्ध ग्रंथांच्या संग्रहात, प्रत्येक ग्रंथाला क्रमांक दिलेला आहे. ‘विमुत्तिमग्ग’ बत्तिसाव्या खंडात 1648 क्रमांकावर आहे, तर ‘समंतपासादिके’चे चिनी रूप चोविसाव्या खंडात 1462 क्रमांकावर आहे. ग्रंथपालांना हा क्रमांक सांगितला की स्पेलिंगचा वाद तिथेच संपतो. माझा दमवणारा काळ या क्रमांकांच्या यादीशिवाय गेला असता तर हात हलवत परतावे लागले असते, असे मी जबाबदारीने म्हणतो.

कपाटांमधून हिंडण्याबाबतही खोटी आशा बाळगू नये. आल्फ्रेड कायमिंग च्यू यांनी 1927 पासून या संग्रहाची सूची आणि स्वतंत्र वर्गीकरण उभे केले, ज्यात तत्त्वज्ञान व धर्म 1000 ते 1999 या क्रमांकांत येतात. नवी पुस्तके मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणानुसार लावलेली आहेत. म्हणजे एकाच विषयाची पुस्तके दोन ठिकाणी पाहावी लागतात. शिवाय बराच संग्रह बोस्टनच्या पश्चिमेला साउथबरो येथील कोठारात असतो. कॅटलॉगमध्ये ‘डिपॉझिटरी’ असा शेरा दिसला की त्या पुस्तकाची मागणी आधी नोंदवावी लागते, आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर वाट पाहण्यातच दिवस जातात. प्रवेशपत्राची आणि दुर्मीळ ग्रंथांच्या वाचनकक्षाची व्यवस्था ई-मेलने लेखी ठरवून, ते उत्तर हातात असल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

केवळ त्रिपिटकाचा मजकूर हवा असेल तर जाऊच नये. तैवानच्या ‘सीबीईटीए’ने आणि टोकियोच्या ‘सॅट’ने तो विनामूल्य उपलब्ध केला आहे. हार्वर्ड-यनचिंगचे चार हजारांहून अधिक दुर्मीळ चिनी ग्रंथ 2017 पर्यंत डिजिटल झाले आहेत, आणि नैऋत्य चीनमधील नाशी लोकांच्या चित्रलिपीतील 598 हस्तलिखितेही घरबसल्या पाहता येतात. जाण्यासारखे आहे ते जपानी बौद्धविद्येचे जुने साहित्य. कपाटासमोर उभे राहून एकापाठोपाठ एक खंड चाळण्याचा आनंद मला पुण्यात कधी मिळाला नव्हता, आणि त्या भरात मी जेवणाच्या वेळाही विसरलो. बापट तिथे शिकत होते तेव्हा ‘ताइशो’चे खंड अजून निघतच होते, आणि ग्रंथालयही आजच्या डिव्हिनिटी अव्हेन्यूवर नसून बॉइल्स्टन हॉलमध्ये होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या कामाची उंची कळते.

पैशांबाबत स्पष्टच सांगतो. बोस्टनच्या लोगन विमानतळावरून एका टॅक्सीचालकाने माझ्याकडून अवाच्या सवा भाडे घेतले, आणि त्याची काहीही गरज नव्हती. विमानतळावरून सिल्व्हर लाइनची एसएल-1 बस विनामूल्य साउथ स्टेशनला नेते आणि तिथे रेड लाइन या मेट्रोवर विनामूल्य बदल होतो. हार्वर्ड स्थानकापासून ग्रंथालय दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. मेच्या अखेरीस पदवीदान समारंभ असतो, त्या काळात खोल्यांचे भाडे भरमसाट चढते. माझ्या घरमालकाने ठरलेल्या रकमेवर ऐनवेळी वाढ मागितली. म्हणून त्या आठवड्यात जाऊच नये. खोलीचा करार लेखी घ्यावा, आणि हार्वर्ड चौकाचा हट्ट सोडून रेड लाइनवरच दोन स्थानके पुढे डेव्हिसजवळ चौकशी करावी. पुढचे दिवस सुरळीत गेले. दुर्मीळ ग्रंथांसमोर पेन्सिलच वापरावी, पेन ड्राइव्ह जवळ ठेवावा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयाचे वेळापत्रक आखडते, म्हणून उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.