मशिनमध्ये गप्प असलेले काका

सोलापूरला एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे मी. दिवसभर कंबर, मान, गुडघे हेच चालू असतं, फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असतानाचा स्कॅन, क्वचितच. त्यादिवशी न्यूरोच्या सरांनी पूर्व भागातले एक काका पाठवले, हयात पॉवरलूमवर टॉवेल काढण्यात गेलेली, काही महिन्यांपूर्वी मेंदूत डावीकडे गुठळी अडकून उजवा हात लुळा आणि बोलणं बंद. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. आता तेलुगू थोडं थोडं यायलंय पण मराठी अजिबात नाही असं मुलगी सांगत होती.

टेस्ट अशी, की आत स्क्रीनवर चित्रं येतात, तांब्या, छत्री, कुलूप, आणि नाव मनातल्या मनात म्हणायचं, कारण जबडा हलला की डोकं हलतं आणि डोकं हललं की डेटा बाद. अर्धा मिनिट चित्रं, अर्धा मिनिट नुसती फुली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं ते मशिनला कळतं, पण फरक जेमतेम 1-2 टक्क्यांचा, म्हणून तेच तेच परत परत. पेशंट मनात खरंच म्हणतोय का हे बाहेरून कोण बघणार, विश्वास ठेवायचा!

मी मराठीत समजावलं, काका नुसते बघत राहिले. मग मुलीला माईकवर बसवलं, ती तेलुगूत काहीतरी बोलली आणि काकांनी डावा अंगठा वर केला. बाकीचे आतल्या खटखटीला वैतागून बेल दाबतात, हे मात्र ढिम्म, लूमच्या आवाजात जन्म काढलेल्याला काय त्याचं. एक राउंड तेलुगूचा, एक मराठीचा.

तेलुगूच्या वेळी डावीकडे मेलेल्या भागाच्या कडेला रंग दिसला, म्हणजे तिथे काम चालू, उजवीकडे कपाळामागेही. मराठीच्या वेळी जवळपास काहीच नाही. काकांचा पोरगाही आला होता, तो म्हणाला, "म्हणजे पप्पा आता उजवीकडून बोलणार का ओ सर?" आता काय सांगायचं. 2006 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी 14 पेशंटचे असे स्कॅन छापले होते, त्यात पहिल्या दिवसांत डावीकडे मेंदूचं काम कमी, दोनेक आठवड्यांनी उजवी बाजूही जोरात, आणि वर्षभराने कारभार बराचसा परत डावीकडे. पण ती 14 जणांची सरासरी, ह्यांच्या पप्पांचं भविष्य नाही. शिवाय तो रंग आम्हीच ठरवतो, किती फरकापासून रंग द्यायचा तो कटऑफ खाली ओढला की अख्ख्या मेंदूची रंगपंचमी, वर नेला की सगळं करडं. तेवढ्यात पोराने स्क्रीनचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा, ह्याचा मला जाम राग येतो.

नंतर गाऊन काढताना आमच्या वॉर्डबॉय मामांनी लुळा हात उलटा ओढला आणि काका खणखणीत ओरडले, "काय करालास बे!" पुढे एक शिवी, ती इथं लिहीत नाही. मराठी, आणि एकदम स्वच्छ. मुलगी हसता हसता रडायला लागली.

मी म्हटलं, ताई, शिव्या, आकडे, देवाची प्रार्थना हे बऱ्याचदा शाबूत राहतं, त्याला वाक्य जुळवावं लागत नाही. 1861 मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरांचा तो प्रसिद्ध पेशंट 'तान तान' एवढंच म्हणायचा, पण चिडला की शिवी यायची. ह्याला सुधारणा धरू नका, स्पीच थेरपी चालू ठेवा, तेलुगूत पण घ्या. मुलगी मान हलवत होती. पोरगा "हो हो सर" म्हणत ग्रुपवर शिवीची बातमी टाईप करत होता.